सांगोवांगीचा स्वयंपाक

आमच्या घरी एक पदार्थ होतो, त्याचे नाव 'इंदुरी वड्या'. मक्याच्या किसाच्या या वड्या आमच्या नात्यागोत्यात चांगल्या नावाजलेल्या आहेत. मंगळागौरीच्या फराळाला त्यांची फर्माईश होते, डोहाळजेवणाला होते, आणि एका भाचेसुनेने तर आपल्या सोसायटीतल्या स्पर्धेत त्या करून पहिला नंबर मिळवला. गंमत एवढीच, की इंदुरात या वड्या कोणी कधी पाहिलेल्या नाहीत. इंदूरच्या माणसाला त्या खायला दिल्या, तर तो चवीने खाईल आणि 'हा महाराष्ट्रातला पदार्थ दिसतो' असे म्हणेल. या वड्यांच्या जन्माला मी कारण झाले. कसे, ते सांगायला मला तीन तपे धीर झाला नाही. आता सांगते.

माझे लग्न १९७४ साली झाले. ह्यांची नोकरी बँकेतली, म्हणजे बदलीची. संसाराची भांडी गोणपाटात बांधायची आणि सोडायची, यातच आमची उमेदीची वर्षे गेली. सासर वाईचे. घाटापासून दोन गल्ल्या आत आमचे घर. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले, की पावसाळ्यात कृष्णेच्या पुराचा आवाज ऐकू येई. त्या खिडकीशी सासूबाई बसत. आजेसासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांना कुशीवर वळवण्यापासून भरवण्यापर्यंत सगळे सासूबाईंनाच करावे लागे आणि दुसऱ्या कोणाच्या हातचे आजेसासूबाईंना चालत नसे. त्यामुळे सासूबाईंचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूर, तोही लग्नाच्या आधी केलेला.

पण बाईला प्रवासाची हौस दांडगी! कोणीही गावाहून आले, की हातपाय धुऊन होतात न होतात, तोच त्यांचा प्रश्न येई, "तिथली माणसं काय खातात?" देऊळ कसे आहे, बाजार केवढा आहे, हे त्या शिष्टाचार म्हणून विचारत. खरी चौकशी खाण्याची. सकाळी काय, आजारी माणसाला काय, सुतकात काय, आमटीला आंबट काय घालतात. आणि उत्तर ऐकून त्या गप्प बसत नसत. दोनचार दिवसांत तो पदार्थ आमच्या चुलीवर चढलेला असे. फडताळात लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' होते. १९१० साली निघालेल्या त्या पुस्तकात एक हजार पाकक्रिया आहेत. त्या म्हणत, "पुस्तकातलं केव्हाही करता येईल. गावाहून आलेला माणूस उद्या विसरेल, त्याचं आधी करू."

आम्ही बदलीच्या गावी निघालो, की बरोबर त्यांच्या दशम्या असत. प्रवासाला दशमीसारखे दुसरे काही नाही, असे माझे अजून मत आहे. तीन वाट्या कणीक घ्यावी. तिला तीन चमचे कडकडीत तुपाचे मोहन आणि चवीपुरते मीठ घालावे. मग पाण्याचा थेंबही न लावता केवळ दुधात ती घट्ट भिजवावी. वाटीभर दूध पुरते. अर्ध्या तासाने जरा जाडसर लाटून मंद आचेवर खरपूस भाजाव्यात आणि पूर्ण निवल्यावरच फडक्यात बांधाव्यात. गरम बांधल्या तर वाफ धरतात आणि दुसऱ्याच दिवशी आंबूस होतात. बरोबर शेंगदाण्याची लसणीची चटणी असावी. पूर्वी दुधात भिजवलेल्या पदार्थाला सोवळ्याओवळ्याची अडचण येत नसे, म्हणूनही प्रवासात दशमीला मान होता. सासूबाई दशम्यांचे गाठोडे माझ्या हातात देत आणि म्हणत, "येताना काहीतरी घेऊन ये." वस्तूंबद्दल त्या बोलत नसत, हे मला पहिल्याच वर्षी कळले.

१९७७ साली आमची बदली इंदूरला झाली. होळकरांचे गाव, मराठी घरे पुष्कळ, त्यामुळे परके असे वाटलेच नाही. सकाळी पोह्यांच्या गाड्या लागत. तिथे पोहे आपल्यासारखे कढईत परतत नाहीत. भिजवून, हळद-मीठ-साखर लावून उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेवरच गरम ठेवतात आणि वर शेव, कांदा आणि जीरावण मसाला भुरभुरतात. पावसाळ्यात मात्र सगळ्या गावाला मक्याचा वास येई. कोवळ्या कणसाला तिकडे भुट्टा म्हणतात आणि त्याच्या किसाला 'भुट्टे का किस'. आमच्या शेजारच्या बाई मोठ्या प्रेमळ. पहिल्याच श्रावणात त्यांनी झाकण घातलेली वाटी पाठवली. मऊ, मोकळा, तुपाने चकाकणारा, किंचित गोडसर, वर खोबरे, कोथिंबीर आणि लिंबू. मी ती वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली.

पुढे तीन पावसाळ्यांत अशा कितीतरी वाट्या आल्या. पण कबूल करते, मी तो पदार्थ एकदाही स्वतः केला नाही. शेजारून येतच होता, मूल लहान होते, आणि खरे सांगायचे तर कणसे किसताना बोटे सोलून निघतात, त्याचा मला कंटाळा होता. त्यांच्या चुलीशी उभी राहून मी कधी पाहिलेही नाही. चवीवरून जे कळले तेवढेच मला ठाऊक.

त्या दिवाळीला वाईला गेलो आणि प्रश्न आला, "तिथली माणसं काय खातात?"

मी रंगवून रंगवून सांगितले. सासूबाई डाव्या हाताने आजेसासूबाईंना वारा घालीत ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "करतात कसा?" आता 'मला ठाऊक नाही' म्हणायचे म्हणजे तीन महिने फुकट खाल्ल्याची कबुलीच! मी ठोकून दिले, "सोपा आहे. कणसं किसायची आणि दुधात शिजवायची. आलं-मिरची घालायची." झाले.

पुढच्या भाद्रपदात, आम्ही इंदुरात असताना, त्यांनी तो केला. तेव्हा काय घडले, ते मला फार नंतर कळले. त्यांनी नणंदेला आणि गल्लीतल्या चार बायकांना 'इंदूरचा पदार्थ' खायला बोलावले होते. दूध उकळले, त्यात किस घातला, आणि पाहता पाहता पातेल्यात खळ तयार झाली. नणंदबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, पतंग चिकटवायला बरी आहे." सासूबाईंना अपमान गिळायची सवय होती, पण अन्न टाकायची नव्हती. त्यांनी त्या खळीत चार चमचे तांदळाची पिठी घातली, ताटाला तेल लावून ती थापली, वर तीळ-खोबरे पेरले, निवल्यावर वड्या कापल्या आणि तव्यावर तांबूस परतल्या. चार बायका खाऊन तृप्त होऊन गेल्या. नणंदबाईंनी दोन पदराखाली नेल्या.

त्यानंतरच्या सुट्टीत त्यांनी त्या वड्या माझ्यासमोर ठेवल्या. "बघ गं, तिथल्यासारख्या झाल्यात का?" त्यांचा चेहरा मला अजून दिसतो, शाळेतल्या मुलीने निकाल विचारावा तसा. मी एक वडी खाल्ली. चव फार छान होती, पण भुट्ट्याच्या किसाशी तिचा संबंध मका एवढाच. खरे सांगितले असते तर 'मग तिथे कसा करतात?' हा प्रश्न आलाच असता. मी म्हणाले, "अगदी तशाच."

दहा वर्षे त्या वाक्यावर गेली.

मधल्या काळात आम्ही हुबळीला होतो. १९८० ते ८३. मिरजेला गाडी बदलायची आणि पहाटे उतरायचे. त्या भागातले जेवण आपल्याला जवळचे. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, कारळ्याची चटणी, सगळे ओळखीचे. नवीन वाटले ते गिरमिट. संध्याकाळी चुरमुऱ्यांच्या ढिगामागे बसलेला माणूस दोन मिनिटांत ते कालवून देई आणि बरोबर मिरचीची भजी. याची कृती मी गाड्याशी उभे राहून पाहिली होती, त्यामुळे बिनचूक सांगते. दोन कांदे बारीक चिरून तीन चमचे तेलात मोहरी, कढीलिंब, चार हिरव्या मिरच्या आणि हळद यांच्यावर परतावेत. एक टोमॅटो घालावा. मग लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ आणि सुपारीएवढा गूळ घालून रस दाट होईपर्यंत आटवावा. याला तिकडे गोज्जु म्हणतात. तो निवला की पाच वाट्या चुरमुरे, अर्धी वाटी पंढरपुरी डाळ्याची पूड आणि मीठ एकत्र करून ऐन खायच्या वेळी त्यात कालवावे. वर कच्चा कांदा, कोथिंबीर, शेव. पाच मिनिटे जरी ठेवले तरी चुरमुरे मान टाकतात.

सासूबाईंनी ऐकले आणि म्हणाल्या, "म्हणजे ओलं भडंगच की! आणि यात पांडुरंगाचं डाळं पण आहे." डाळ्याचे नाव निघाले, की त्यांना आपला एकुलता एक प्रवास आठवे. पंढरपूरच्या चुरमुऱ्या-डाळ्याच्या प्रसादाची पुडी त्यांच्या लेखी जगातली सर्वांत दूरची वस्तू होती. गिरमिट आमच्या घरी टिकले. एकादशी सोडून कोणत्याही संध्याकाळी होते.

नंतर कलकत्ता. १९८४ ते ८७. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यापर्यंत दीड दिवसाचा प्रवास, दशम्यांची खरी परीक्षा तिथेच. आम्ही शाकाहारी, तेव्हा बंगाल्यात कसे निभावणार, अशी सगळ्यांना काळजी. पण बंगाली गृहिणी भाज्या किती नजाकतीने करते, हे तिच्या घरी जेवल्याशिवाय समजत नाही. तिथे मला भेटले आलू पोस्तो. पोस्तो म्हणजे खसखस. बीरभूम, बांकुडा या उष्ण जिल्ह्यांत उन्हाळ्यात उडदाची पातळ डाळ, भात आणि पोस्तो हे दुपारचे लाडके जेवण. अफूच्या बोंडातलेच हे बी. कंपनी सरकारच्या काळात बिहार-बंगालकडे अफूची मोठी लागवड होत असे. बोंडातला चीक सरकारजमा होई आणि बी घरात येई.

कृती अगदी थोडक्यात होते. चार बटाट्यांच्या चौकोनी फोडी कराव्यात. पोहे खायच्या चमच्याने सहा चमचे खसखस कोमट पाण्यात तासभर भिजवून दोन हिरव्या मिरच्यांबरोबर पाट्यावर गंधासारखी वाटावी. मोहरीचे तेल धूर येईपर्यंत तापवून जरा निवू द्यावे, त्यात पाव चमचा कलौंजी टाकून फोडी परताव्यात, वाटण, मीठ आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवावे. बटाटा शिजून वाटण अंगाशी आले, की वरून चमचाभर कच्चे तेल. हळद नाही, कांदा नाही, मसाला नाही.

हे ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "सहा चमचे खसखस? बटाट्यावर?" आपल्याकडे खसखस अनारशाला लागते, तीही एका बाजूला आणि मोजून. त्या वर्षी त्यांनी अनारशांची खसखस निम्मी केली आणि उरलेल्या खसखशीत पोस्तो केला. मोहरीचे तेल मात्र त्यांनी घरात येऊ दिले नाही. वासाने आजारी माणसाला त्रास होईल, म्हणाल्या. शेंगदाण्याच्या तेलात मोहरीची फोडणी दिली आणि थोडी मोहरी फेसून घातली. "तेल मोहरीचंच ना शेवटी? मग मोहरी घातली की झालं." तो बंगाली पोस्तो नव्हता, पण तिथे काय असते आणि आपण काय बदलले, हे त्यांना पुरते ठाऊक होते. वड्यांच्या बाबतीत त्यांना ते ठाऊक नव्हते.

१९८५ साली आजेसासूबाई गेल्या. एकतीस वर्षांची सेवा संपली. पहिले काही महिने सासूबाई रात्रीतून दोनदा उठत आणि रिकाम्या खाटेपाशी जाऊन परत येत. त्यांना कुठे तरी न्यावे, असे आम्हा दोघांच्याही मनात होते, पण कलकत्ता त्यांना झेपणारे नव्हते. १९८८ च्या ऑगस्टमध्ये योग आला. त्यांच्या मावसबहिणीच्या यजमानांची साठीशांत होती; आणि हे कुटुंब नुकतेच मुलाच्या नोकरीमुळे इंदूरला येऊन राहिले होते. पत्र हातात घेऊन त्या म्हणाल्या, "इंदूर! म्हणजे आपल्या वड्यांचं गाव." माझ्या पोटात गोळा आला.

पुण्याहून रात्रीची बस. त्या रात्रभर जाग्या होत्या, खिडकीला नाक लावून. पहाटे खलघाटाला नर्मदेचा पूल आला. पावसाळ्याचे दिवस, पाणी लाल-तांबडे, पात्र असे भरलेले, की कृष्णा पाहिलेल्या बाईलाही बोलणे सुचेना. त्यांनी खिडकीतून नाणे टाकले आणि पूल संपेपर्यंत हात जोडले होते.

साठीशांत झाली आणि त्याच रात्री त्यांनी हट्ट धरला, की वड्या खायला जायचे. राजवाड्याजवळचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार. रात्री दुकानांच्या फळ्या लागल्या, की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याची दुकाने मांडतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी हटत नाही. साडेदहा वाजले होते. नऊवारी नेसलेल्या, दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेल्या सासूबाई त्या दिव्यांच्या झगझगाटात उभ्या होत्या. उघड्यावर, उभ्याने, परक्या हातचे, या तिन्ही गोष्टी त्यांनी जन्मात केल्या नव्हत्या. मोठ्या कढईतून द्रोणात किस आला. त्यांनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. एक घास खाल्ला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले.

मग त्या कढईमागच्या माणसाकडे वळल्या आणि आपल्या वाईच्या हिंदीत म्हणाल्या, "भय्या, दूध कब डालते?"

"पहले घी में खूब सेंकते हैं, माँजी. दूध बाद में."

त्यांनी मान हलवली आणि द्रोण संपवला. अन्न टाकायची सवय नव्हती, हे मी सांगितलेच आहे. परत येताना हे पुढे चालत होते. त्या हळूच म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं?"

"कृती ठाऊक नव्हती. पण वड्या तशा नव्हत्या, हे ठाऊक होतं."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "मला कुठं जाता येत नव्हतं, म्हणून मी विचारत होते गं. खोटंच ऐकायचं असतं, तर घरात बसून मीच रचलं असतं."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्येही आमचे फारसे बोलणे झाले नाही. नर्मदेवर अंधार पडत होता. पुन्हा नाणे टाकून झाले आणि पूल ओलांडल्यावर त्यांनी दशमीचे गाठोडे उघडले, निम्मी मला दिली आणि म्हणाल्या, "घरी गेल्यावर एकदा त्याच्यासारखा करून बघू. वन्संना मात्र यातलं काही सांगू नकोस."

घरी गेल्यावर केला. तेव्हापासून तो असा होतो. सहा कणसे, नखाने दाबली तर घट्टसर चीक येईल अशी. फार कोवळी नकोत, दाणे निबर झालेलीही नकोत. बारीक किसणीवर किसावीत. जाड बुडाच्या कढईत चार चमचे तूप, चमचाभर जिरे, हिंग, चार मिरच्या, थोडी हळद. त्यावर किस घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे परतत राहावे. आधी तो गोळा होतो, कढईला धरतो, आणि इथेच धीर सुटतो; परतत राहिले, की कच्चा वास जातो, किस सुटा होऊ लागतो आणि कडेने तूप दिसते. मग गरम दूध एक वाटी, थोडे थोडे. एक घोट मुरला की दुसरा. मीठ, चिमूटभर साखर, झाकण ठेवून दोन वाफा. वर ओले खोबरे, कोथिंबीर, लिंबू. मक्यात पीठ पुष्कळ असते. ते कच्चेच उकळत्या दुधात पडले, की फुगून एकमेकांना चिकटते, म्हणून खळ होते. तुपावर आधी नीट भाजले गेले, की मग दुधात तेवढे चिकटत नाही. हे आता लिहायला सोपे वाटते.

त्यानंतर मी कुठेही गेले, तरी पिशवीत कागद-पेन्सिल असे. १९८९ साली आम्ही सुरतेला गेलो. हिवाळ्यात तापीकाठी पोंक मिळतो. पोंक म्हणजे आपला हुरडा. लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात आणि त्याचे वडेही तळतात. वड्यांची कृती मी दुकानाशी उभी राहून, मापे विचारून, दोनदा वाचून दाखवून लिहून घेतली. दोन वाट्या कोवळा हुरडा जाडसर भरडायचा, त्यात अर्धी वाटी डाळीचे पीठ, आले, मिरची, ओल्या लसणीची पात, चिमूटभर साखर, लिंबू आणि मीठ घालून छोटे छोटे वडे तळायचे. वाईला गेल्यावर कागद सासूबाईंच्या हाती दिला. त्यांनी कागदाबरहुकूम वडे केले. उत्तम झाले. "चांगले आहेत," म्हणाल्या. पुन्हा कोणी ते मागितले नाहीत, आणि मीही त्यांची आठवण काढली नाही. हुरडा आपला शेतावरच, गोवऱ्यांच्या आगटीपाशी बसून, गुळाबरोबर खावा; या बाबतीत मी सुरतकरांशी सहमत नाही.

सासूबाई २००३ साली गेल्या. शेवटपर्यंत घरात दोन्ही पदार्थ होत. किस होई तो आम्हा दोघींसाठी, स्वयंपाकघरात. पाहुणे आले की वड्या. वन्संना त्यांच्या शेवटापर्यंत पत्ता लागला नाही. एकदा तर त्यांनी इंदूरच्याच एका पाहुण्याला 'तुमच्याकडच्या वड्या' असे म्हणून आग्रहाने वाढल्या. तो बिचारा बुचकळ्यात पडला, तेव्हा सासूबाईंनी घाईघाईने त्याच्या पानात आणखी दोन वाढून त्याचे तोंड बंद केले आणि ओट्याकडे तोंड फिरवले. त्यांचे खांदे हलत होते.

मागच्या श्रावणात नातीचा फोन आला. ती बंगळूरला नोकरी करते. हल्ली फोनमध्येच एकमेकींची स्वयंपाकघरे दिसतात, ही मोठी सोय झाली आहे. मैत्रिणी जेवायला यायच्या होत्या आणि तिला इंदुरी वड्या करायच्या होत्या. किसणी तिच्या हातात होती, बोटाला पट्टी आधीच लावलेली होती. मी म्हटले, "कणसं दाखव." ती हल्ली सगळीकडे मिळणारी पिवळी, गोड कणसे होती. त्यांत पाणी आणि साखर जास्त आणि पीठ कमी. त्यामुळे दूध निम्मेच घ्यायला सांगितले आणि तांदळाची पिठी चाराऐवजी सहा चमचे. आले-मिरची वाटलेली, मीठ, साखर मात्र मुळीच नको. ताटाला तेल लावून ठेव, तीळ भाजून ठेव, थापल्यावर पुरते निवेपर्यंत सुरी लावू नकोस, असे सगळे सांगितले. ती लिहून घेत होती.

मग तिने मान वर केली. "आजी, मी नेटवर बघितलं. तिथं सगळेजण किस आधी तुपात भाजतात. दूध नंतर. आपण काय करायचं? दूध आधी की नंतर?"

"आधी," मी म्हणाले. "उकळी आली की किस घाल, आणि ढवळत राहा."